राजीनामा आणि हवेच्या गाद्या

नाताळच्या आधी आमच्या घरी कुलकुल वळायला सगळे एकत्र बसतात. काट्यावर पीठ दाबायचं, वळायचं आणि गप्पा मारायच्या. यंदा त्याच गप्पांत दादानं सांगून टाकलं, "मी जॉब सोडतोय. वेब कंपनी काढणार." पुण्यात एका डिझाइन कन्सल्टन्सीत तो तीन वर्षं आहे. मम्मीचा हात थांबला. पप्पा एवढंच म्हणाले, "तिथं काय कमी पडायलंय तुला?"

दादानं उत्तरादाखल एकच नाव घेतलं : एअरबीएनबीचा ब्रायन चेस्की. तोही डिझाइन कन्सल्टन्सी सोडूनच निघाला होता म्हणे! मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. गोष्ट ऐकली की ती मुळापासून वाचावीशी वाटते. वाचली, तर दादा सांगत होता तिच्यापेक्षा ती जरा वेगळी निघाली.

आधी कन्सल्टन्सी म्हणजे काय ते बघू. तिथले डिझायनर दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी काम करतात. वस्तू बाजारात चालो की पडून राहो, कन्सल्टन्सीचे पैसे ठरलेले. म्हणून पगार वेळेवर होतो. पण आपण काढलेल्या चित्राचं पुढं काय झालं, हे पुष्कळदा कळतही नाही. वेब कंपनीत उलट असतं. चुकलं तर गिऱ्हाईक त्याच दिवशी सांगतं, आणि नुकसान आपल्याच खिशातून जातं.

चेस्की रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकला. आईवडील दोघंही समाजसेवा क्षेत्रातले. लॉस एंजेलिसमधल्या कन्सल्टन्सीतली नोकरी सोडून २००७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला कॉलेजमित्र जो गेबियाकडे राहायला गेला. तेव्हा एअरबीएनबीची कल्पना त्याच्या डोक्यातही नव्हती. होती ती भाड्याची चिंता. त्याच्या वाट्याचं भाडं ११५० डॉलर आणि बँकेत जेमतेम १०००. ऑक्टोबरात शहरात डिझायनरांची परिषद भरणार होती आणि हॉटेलं भरलेली होती. दोघांनी घरात हवेच्या गाद्या टाकल्या, साधी वेबसाइट केली आणि रात्रीला ८० डॉलर लावले. तीन पाहुणे आले. त्यांतला एक भारतीय होता.

म्हणजे आधी स्वप्न आणि मग राजीनामा, असं झालंच नाही. राजीनामा आधी, मग अडचण, आणि अडचणीतून कल्पना.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. दोघांनाही डिझाइन येत होतं, पण मोठी साइट बांधायला तिसरा लागला. तो इंजिनिअर नेथन ब्लेचार्झिक. २००८ च्या मार्चमध्ये एका मोठ्या महोत्सवाच्या वेळी साइट पुन्हा सुरू केली, तर दोनच बुकिंग आली, त्यांतलं एक खुद्द चेस्कीचं. त्याच वर्षी सात गुंतवणूकदारांकडे शब्द टाकला गेला. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. क्रेडिट कार्डांवर कर्ज चढलं. शेवटी अमेरिकन निवडणुकीच्या हंगामात ओबामा आणि मॅक्केन यांच्या नावांची नाश्त्याच्या सीरियलची खोकी ४० डॉलरला एक अशी विकून सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. २००९ मध्ये वाय कॉम्बिनेटरनं त्यांना घेतलं. तिथं पॉल ग्रॅहमचा सल्ला साधा होता : तुमची गिऱ्हाइकं न्यूयॉर्कला आहेत, तर तुम्ही इथं काय करताय? ते गेले, घरमालकांच्या दारात उभे राहिले, खोल्यांचे चांगले फोटो काढले. मग आठवड्याची कमाई वाढू लागली.

आणि यश कायमचं असतं का? २०२० च्या मे महिन्यात, कोविडमध्ये, याच कंपनीनं सुमारे १९०० लोकांना कामावरून काढलं. त्याच डिसेंबरात ती शेअर बाजारातही आली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. आपण सांगताना दुसरी तेवढी सांगतो.

हे सगळं वाचून मी दादाला तीन प्रश्न विचारले. किती महिन्यांचं भाडं बाजूला आहे? कोड कोण लिहिणार? पहिल्या गिऱ्हाइकाला भेटलास का? पहिल्याचं उत्तर "आठ", दुसऱ्याचं "मित्र आहे". तिसऱ्याला तो गप्प. त्याला वडगाव-शहापूरच्या साड्या ऑनलाइन विकायच्या आहेत, पण एकाही साडीवाल्याशी तो बोललेला नव्हता.

नाताळ झाल्यावर तो पप्पांची स्कूटर घेऊन वडगावला गेला. संध्याकाळी परत आला तो दमून. दोघांनी सरळ नको म्हटलं होतं. तिसऱ्यानं चहा पाजून विचारलं, "साडी परत आली तर येण्याजाण्याचा खर्च कुणी सोसायचा?" दादाकडे उत्तर नव्हतं. जेवताना त्यानं तोच प्रश्न पप्पांना विचारला, आणि त्या दोघांचं बोलणं रात्री अकरापर्यंत चाललं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

राजीनामा अजून दिलेला नाही. लिहून ठेवलाय. तो पुढच्या शनिवारी पुन्हा येणार आहे, वडगावला जायला.