मिशनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण : पुण्यात काय शिकवतात आणि ती पदवी कुठे चालते?

धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वडगाव. सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात कॉलेजच्या मुलांना ‘पुढे काय?’ विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात : एमबीए, एमटेक, एमपीएससी, नाहीतर परदेश. पण धायरी फाट्यापासून साधारण आठ-दहा किलोमीटरवर, बिबवेवाडीत, एक वेगळंच कॅम्पस आहे. तिथे देशभरातून विद्यार्थी येतात, बायबल समजून घेण्यासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकतात, आणि त्यांतले काही ‘मिशनशास्त्र’ म्हणजेच मिसिऑलॉजी या विषयाकडे वळतात. परदेशात हाच विषय बऱ्याच ठिकाणी ‘आंतरसांस्कृतिक अभ्यास’ या नावाने शिकवला जातो.

हा अभ्यास नेमका कशाचा? त्याला वर्षं किती लागतात? आणि मिळालेली पदवी चर्चबाहेर चालते का?

थोडक्यात

• पुण्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, अशा दोन्ही परंपरांच्या मोठ्या संस्था आहेत.
• पदवीनंतर बी.डी. आणि एम.टीएच. मिळून साधारण सहा वर्षं लागतात.
• ‘चर्चची मान्यता’ आणि ‘यूजीसीची मान्यता’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

विषय नेमका काय आहे?

नावावरून वाटतं की हे धर्मप्रचाराचं प्रशिक्षण असावं. तो भाग त्यात आहे, पण तेवढंच नाही. एका संस्कृतीत वाढलेला विचार दुसऱ्या संस्कृतीत जातो तेव्हा काय होतं, हा या विषयाचा गाभा. भाषांतरात काय बदलतं, काय हरवतं? धर्म बदलला की जात, लग्नाचे रिवाज, सण-उत्सव यांचं काय होतं? मिशनऱ्यांचे आणि वसाहतवादी सत्तेचे संबंध कसे होते? यासाठी इतिहास, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र आणि इतर धर्मांचा अभ्यास करावा लागतो.

‘मिशन’चं ‘आंतरसांस्कृतिक’ कसं झालं?

या विषयाचा भारताशी जुना संबंध आहे. कोलकात्यात शाळा काढणारे स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांच्यासाठी १८६७ मध्ये एडिंबरामध्ये एक अध्यासन निर्माण झालं. मिशन या विषयाला वाहिलेल्या सुरुवातीच्या अध्यासनांत त्याची गणना होते.

पुढे अमेरिकेत या विषयाला वळण दिलं ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी. त्यांचा जन्म १८९७ मध्ये मध्य प्रदेशातल्या दमोहचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत १९६५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘स्कूल ऑफ वर्ल्ड मिशन’ सुरू झालं. २००३ मध्ये त्याचंच नाव ‘स्कूल ऑफ इंटरकल्चरल स्टडीज’ झालं. ‘मिशन’ शब्दाला वसाहतवादाचा इतिहास चिकटलेला आहे, आणि अनेक देशांत तो शब्द पदवीवर असला तर अडचणीही येतात.

मॅकगॅव्हरन यांचं एक मत भारतात विशेष वादग्रस्त ठरलं. माणसांना जात, वंश, भाषा यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं, असं ते म्हणत. मग चर्चनेही जातनिहायच राहायचं का, असा टीकाकारांचा सवाल होता. याच काळात चर्चमधल्या जातीचा प्रश्न भारतीय अभ्यासकांनी उघडपणे मांडायला सुरुवात केली. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूत केलेली मांडणी ‘दलित थिऑलॉजी’ची सुरुवात मानली जाते.

पुण्यात कुठे शिकता येतं?

बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. ती प्रोटेस्टंट परंपरेतली असून सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे.

नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञान-दीप (पूर्वीचं ज्ञान-दीप विद्यापीठ) आहे. ही कॅथलिक संस्था. तिच्याशी जोडलेली पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात हलवली गेली. इथल्या धर्मशास्त्राच्या पदव्यांना व्हॅटिकनची मान्यता असते.

वर्षं किती लागतात?

सेरामपूरच्या रचनेत आधी बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. पदवीधरांना त्यासाठी साधारण चार वर्षं लागतात. त्यानंतर दोन वर्षांची एम.टीएच. मिसिऑलॉजी ही एम.टीएच.ची एक शाखा. म्हणजे बीई करून या वाटेला लागलेला विद्यार्थी पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत आणखी सहा वर्षं जातात.

वर्गातला प्रश्न कसा असतो?

मराठीतलंच उदाहरण घेऊ. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं : बायबलची कथा, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने इथल्या लोकांना ओळखीचा असलेला पुराणाचा साचा उचलला. पण त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचं फर्मान काढलं. एकीकडे भाषेवरचं प्रेम, दुसरीकडे भाषेवरची बंदी. विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात वाचाव्या लागतात.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांतून आणि कीर्तनातून मांडली. तुकारामांची वाट सोडून ख्रिस्ताकडे जावं लागतं, असं त्यांना वाटत नव्हतं. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तो खुला होता.

पंडिता रमाबाईंची भूमिका वेगळी होती. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर पूर्ण छापून झालं. आधीच्या भाषांतरांतले संस्कृतप्रचुर शब्द सोबत हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ घेऊन येतात, अशी त्यांची हरकत होती. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती.

दोघंही मराठी, दोघंही संस्कृतात मुरलेले, दोघंही ख्रिस्ती झालेले. तरी परंपरेतले शब्द घ्यायचे की टाळायचे, यावर त्यांची उत्तरं जुळत नाहीत. आंतरसांस्कृतिक अभ्यासात विद्यार्थ्याला अशाच प्रश्नांवर स्वतःचं मत पुराव्यानिशी मांडावं लागतं.

ही पदवी कुठे चालते?

यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे.

सेरामपूरचं प्रकरण यात वेगळं आहे. विल्यम केरी आणि सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढलं तेव्हा सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८२७ मध्ये डॅनिश राजाने सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि १९१८ मध्ये बंगालच्या कायद्याने त्याला चौकट मिळाली. (याच केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं.) त्यामुळे सेरामपूरच्या पदवीमागे कायदा आहे. पण ती बीए किंवा एमएच्या बरोबरीची धरायची का, हे ज्या विद्यापीठात किंवा नोकरीत ती दाखवायची आहे, तिथल्या नियमांवर ठरतं.

काही सेमिनरी ‘एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन’ची मान्यता सांगतात. दर्जासाठी ती उपयोगी आहे, चर्चच्या वर्तुळात तिला वजनही आहे. पण ती सरकारी मान्यता नाही. व्हॅटिकनच्या मान्यतेचंही तसंच.

विषयाची आवड आहे, पण विद्यापीठाचीच पदवी हवी, अशांसाठी मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभाग आहेत. यूजीसी-नेटमध्ये ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा विषयही आहे.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. मात्र १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. शिवाय अनेक राज्यांत धर्मांतराबाबत स्वतंत्र कायदे आहेत. विषय शिकण्यावर बंदी नाही; पण पुढे याच क्षेत्रात काम करणाऱ्याला त्या त्या राज्याचा कायदा माहीत असलाच पाहिजे.

पुढे काम कुठे मिळतं?

चर्चमधली सेवा, सेमिनरीत अध्यापन, बायबल भाषांतर, समुपदेशन, सामाजिक संस्था. यांतल्या बहुतेक जागा चर्चशी जोडलेल्या असतात. पगाराच्या पॅकेजकडे बघून या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

प्रवेशाआधी हे विचारा

१. प्रमाणपत्रावर पदवी देणारी संस्था म्हणून कुणाचं नाव येतं? कॉलेजचं, सिनेटचं की विद्यापीठाचं?
२. ती मान्यता सरकारी आहे की चर्च संघटनेची? लेखी दाखवता येईल का?
३. पुढे पीएचडी करायची असेल, तर त्या विद्यापीठाला ही पदवी चालते का? उत्तर कॉलेजकडून नको, थेट त्या विद्यापीठाकडून घ्या.
४. मूळ पदवी (बीई, बीकॉम, बीए) पूर्ण झाली आहे का? नसेल, तर आधी ती पूर्ण करा. सहा वर्षांनंतर बेत बदललाच, तर तीच कामी येईल.