गाडीच्या तोंडावर काय काय बसतं!

टोकियोतून एदोगावा नदी ओलांडली की चिबा प्रांतातलं इचिकावा लागतं. शहर तसं लोकल गाड्यांचं, पण कॅम्पिंग कार काढून भटकायला निघणाऱ्यांसाठी झकास. 2018 साली गाइकान द्रुतगती मार्ग इथून खुला झाला आणि त्याच वर्षी 'मिची-नो-एकी इचिकावा' हा वाटसरूंचा थांबाही सुरू झाला. दरवर्षी थंडीत कॅम्पिंग गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, ते माकुहारीही याच किनाऱ्याने थोडं पुढे आहे.

जपान्यांचा एक लाडका प्रकार म्हणजे 'कॅबकॉन'. छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर फायबरची खोली, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे काढलेला झोपायचा माळा. लांबी साधारण 5 मीटर आणि रुंदी 2 मीटर, म्हणजे नेहमीच्या पार्किंगच्या चौकटीत गाडी मावते. उंची मात्र तीन मीटरच्या घरात जाते, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या फिरत्या ब्रशांच्या यंत्रात ती शिरतच नाही. शिडी लावायची आणि हातानेच धुवायची. त्यात वाऱ्याला पहिली छाती देतो तो हा माळाच, म्हणून सगळा कचरा तिथे.

एवढी मेहनत करायचीच आहे, तर घासण्याआधी डाग कशाचा आहे ते ओळखा. अर्ध्याहून जास्त ओरखडे डागाने नाही, आपल्या घाईने पडतात, असं माझं ठाम मत आहे.

किड्यांचं पंचनामाशास्त्र

डाग ओळखण्याची विद्या भलतीच प्रतिष्ठित आहे. फ्लोरिडाच्या मार्क होस्टेटलर यांनी काचेवर चिरडलेल्या किड्यांच्या ठशांवरून किडा कोणता ते ओळखण्याचं पुस्तकच लिहिलं आणि 1997 साली त्यांना कीटकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये 2004 साली लोकांनी नंबरप्लेटवरचे किडे मोजले. पुढे 2021 मध्ये तशीच मोजणी झाली, तेव्हा आकडा जवळजवळ 60 टक्क्यांनी घसरलेला निघाला. गाडीचं तोंड स्वच्छ राहतंय ही प्रत्येक वेळी चांगली बातमी नसते!

किड्याचं रक्त शरीराबाहेर पडताच घट्ट आणि चिकट होतं. विमानांनाही त्याचा त्रास आहे: पंखावर चिकटलेल्या किड्यांमुळे हवेचा सरळ प्रवाह बिघडतो आणि इंधन जास्त जळतं. म्हणून नासाने 2015 साली बोईंग 757 च्या पंखांवर न चिकटणारे लेप लावून लुइझियानात उड्डाणं केली. त्यातल्या सर्वांत चांगल्या लेपावर सुमारे 40 टक्के कमी किडे चिकटले.

आपल्याकडे नासाचा लेप नाही, पण ओलं फडकं आहे. जुना टॉवेल चिंब भिजवून माळ्याच्या पुढच्या बाजूला दहा-पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा. रक्त पुन्हा सैल होतं आणि पुसलं की निघतं. कोरडं घासलं, तर किड्याचे कडक पंख आणि कवच रंगावर रेघोट्या ओढतात.

जपानातल्या नद्यांवर सप्टेंबरात पांढऱ्या मेफ्लाय माश्यांचे थवे उठतात. पुलावरच्या दिव्यांकडे त्या इतक्या झेपावतात की रस्त्यावर त्यांचा थर साचून गाड्या घसरतात. अशा पुलावरून आलात, तर धुण्याचं काम त्याच दिवशी उरका.

झाडं, रेल्वे आणि राजघराण्याची बदकं

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे जपानात सुगी देवदाराच्या परागांचा मोसम. माणसं शिंकतात आणि गाड्या पिवळ्या पडतात. कोरडा पराग निरुपद्रवी असतो, पाण्याने सहज वाहून जातो. खोडी काढतो तो पाऊस. भिजलेला पराग फुटतो आणि त्यातून पेक्टिन बाहेर येतं. पेरूची जेली ज्याच्यामुळे थिजते, तेच हे पेक्टिन! ते रंगावर सुकतं, आकसतं आणि रंगाची वरची कातडी ओढून धरतं. मग शाम्पूने कितीही धुवा, पाण्याच्या थेंबांच्या आकाराचे डाग तसेच राहतात.

यावर जपानी कारागिरांचा उपाय फारच सुंदर आहे: गरम पाणी. साधारण 70 अंशांच्या पाण्यात भिजवलेलं फडकं डागावर ठेवायचं. पेक्टिन सैल पडतं आणि रंग पुन्हा सपाट बसतो. हात सांभाळा, आणि थंडगार पुढच्या काचेवर हा प्रयोग चुकूनही करू नका. काच तडकेल.

इचिकावाचा नगरवृक्ष आहे काळा पाइन. हे शहर वाळूच्या जुन्या पट्ट्यावर वसलंय आणि त्या वाळूत पाइन छान रुजतो. सावली गोड, पण खाली गाडी लावली की राळेचा थेंब ठरलेला. तो नखाने खरवडू नका. कपड्यावर थोडं अल्कोहोल घेऊन अलगद टिपा, मग लगेच साबणपाणी.

सोबू, तोझाई, केइसेई अशा कितीतरी रेल्वे या शहरातून धावतात. चाक आणि रूळ, ब्रेक आणि चाक घासून लोखंडाची बारीक पूड उडते, रंगात रुतते आणि तिथेच गंजते. पांढऱ्या गाडीवर ते तपकिरी ठिपके दिसतात. त्यासाठी मिळणारं द्रावण फवारलं की गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच! त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं म्हणून तो रंग येतो. पार्लरमध्ये केस कुरळे करायलाही हेच रसायन वापरतात, आणि वासही तोच नाक मुरडायला लावणारा. उरलंसुरलं काढायला गाड्यांची चिकणमाती असते. ती जपानच्याच तादाओ कादाते यांची देणगी. अमेरिकेत तिचं पेटंट 1995 साली मिळालं.

दक्षिणेकडच्या ग्योतोकु भागात पक्षी अभयारण्य आहे, पाणकावळ्यांची वसाहत आहे, आणि राजघराण्याचं बदकांचं राखीव तळंही आहे. आजचे सम्राट नारुहितो यांनी 1992 च्या ऑक्टोबरात मासाको यांना लग्नाची मागणी घातली ती याच तळ्यावर. प्रेमाला ही जागा लाभली, गाडीच्या रंगाला लाभेल असं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि उन्हात मऊ झालेला रंग गार होताना त्या थराभोवतीच आकसतो. दिसली की भिजवा आणि उचला.

इथेच पूर्वी एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला, मीठ पुरवणारी मिठागरं होती. आज मिठागरं गेली, खारा वारा राहिला. समुद्रकिनाऱ्यावरून आलात की आधी नुसतं गोडं पाणी सोडा, साबण नंतर.

कवचकुंडलं

धुऊन झालं की संरक्षण. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण 80 अंशांच्या पुढेच वितळतं, म्हणून उन्हात टिकतं. गोळ्या-चॉकलेटांची चकाकीसुद्धा याचीच. माळ्यावरून हात फिरवल्यावर पांढरी पूड लागली, तर उन्हाने फायबरचा वरचा थर खाल्लाय असं समजा. आधी पॉलिश करा, मेण त्यानंतर. त्याहून भक्कम म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. मुळात ती अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांपासून वाचवायला आली. जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर, पण समोरच्या ट्रकने उडवलेला खडा ती झेलते. संपूर्ण गाडीला नको, माळ्याच्या कपाळाला आणि बंपरला लावली तरी पैसे वसूल.

पिवळट हेडलाइटकडे मात्र दुर्लक्ष नको. 'शाकेन' या सक्तीच्या तपासणीत दिव्याला किमान 6,400 कँडेला उजेड लागतो, आणि 8 क्रमांकाच्या खास वर्गाची पाटी असलेली कॅम्पिंग कार दर दोन वर्षांनी तिथे हजर व्हावी लागते. टूथपेस्टने घासून काच उजळते, पण नव्याने ऊन-रोधक लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

आणि दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्या मराठी घरांसाठी: हळदीचा डाग पडला तर घाबरू नका, त्यातलं कर्क्युमिन सूर्यप्रकाशात आपोआप विरतं. बाजारातलं कुंकू बहुतेक रासायनिक रंगाचं असतं, ते उन्हाला दाद देत नाही. स्वस्तिक काढायचंच तर फायबरवर न काढता पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, ओल्या फडक्याने स्वच्छ निघेल. झेंडूची माळ तारेत न ओवता दोऱ्यात ओवा, आणि नारळ बंपरपासून हातभर लांब फोडा.