पोकेमॉनमध्ये कॅरेक्टरवर बंदी का घालतात? आणि ते ठरवतं कोण?

ऑनलाइन लढाईत समोरच्याने एकच पोकेमॉन काढला आणि तुमची सहा जणांची टीम साफ झाली, असं झालंय ना? मग तोंडातून पहिला शब्द निघतो, "हा बॅन करा यार!" पण बॅन करणं एवढं सोपं नाही. आज तेच समजून घेऊया.

बंदीच का? गेम दुरुस्त का करत नाहीत?

मी रोज कोड लिहितो, त्यामुळे मला आधी हाच प्रश्न पडला. मोबाइलवरच्या पोकेमॉन युनाइटमध्ये एखादं कॅरेक्टर जड झालं की कंपनी अपडेट देऊन त्याची ताकद कमी करते. याला 'नर्फ' म्हणतात. मूळ पोकेमॉन गेममध्ये मात्र असे बदल बहुतेक वेळा पुढचा गेम येईपर्यंत होत नाहीत. खेळाडूंच्या हातात कोड नसतो, फक्त आपसातले नियम असतात. आमच्या पिशोरला गल्ली क्रिकेटमध्ये "बॉल छतावर गेला की आऊट" हा नियम कुठल्या बोर्डाने केला नव्हता, पोरांनीच केला होता. हेही तसंच आहे.

कुस्तीच्या वजनगटासारखे टियर

कुस्तीत ५७ किलोचा पैलवान ९७ किलोवाल्यासमोर उतरवत नाहीत. स्मोगॉन नावाच्या खेळाडूंच्या गटाने पोकेमॉनचेही असेच गट पाडलेत. सगळ्यात लोकप्रिय गट म्हणजे 'ओयू'. जे कमी वापरले जातात ते 'यूयू' आणि त्याखाली जातात. ओयूला जे झेपत नाहीत, ते वर 'उबर' गटात टाकतात.

२०१४ मध्ये मेगा रेक्वाझा आला आणि तो उबरलाही झेपला नाही! बाकीच्यांना मेगा होण्यासाठी खास दगड हातात धरावा लागतो. याला फक्त एक मूव्ह शिकलेली लागते, म्हणजे हातात दुसरी उपयोगी वस्तू देता येते. शेवटी त्याच्यासाठी 'एनीथिंग गोज' हा वेगळा गट काढावा लागला.

निर्णय कसा होतो?

यासाठी 'सस्पेक्ट टेस्ट' असते. पोकेमॉन शोडाउन हा फुकटचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, साध्या फोनवरसुद्धा. ठरलेल्या दिवसांत त्यावर लढून जो ठराविक रेटिंग गाठतो, त्यालाच मत देता येतं. अलीकडच्या गेममध्ये बंदीसाठी साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागतात. कारण एका बंदीने कुणाची तरी महिनोन्महिने बसवलेली टीम मोडते. शिवाय एक गेला की त्याच्या धाकाने दबलेला दुसरा डोकं वर काढतो.

कॅरेक्टरवर बंदी की जोडीवर?

खरा वाद इथेच होतो. २०११ मध्ये पॉलिटोड मैदानात आला की 'ड्रिझल'मुळे पाऊस सुरू व्हायचा आणि आपोआप थांबायचाच नाही. 'स्विफ्ट स्विम'वाल्यांचा वेग पावसात दुप्पट होतो. दोन्ही एकत्र आले की समोरच्याला खेळायला जागाच उरत नव्हती. तेव्हा खेळाडूंनी मधला मार्ग काढला: दोन्ही चालतील, पण एकाच टीममध्ये नाही.

याला विरोध करणारे म्हणतात, अशा अटी वाढल्या की नवीन पोराला नियमच कळणार नाहीत. मला त्यांचं पटतं. कोडमध्येही 'फक्त या केससाठी' म्हणून घातलेल्या अटी पुढे डोकेदुखी होतात. पण इथे एक अट घातल्यामुळे कितीतरी पोकेमॉन वाचले, हेही खरं.

अधिकृत स्पर्धांचा मार्ग वेगळा आहे. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत सर्वात ताकदवान लेजेंडरीही चालत होते, पण एका टीममध्ये जास्तीत जास्त दोनच.

तुमच्या ग्रुपमध्ये ठरवताना

मित्रांमध्ये स्पर्धा घेताय? मग बॅन करण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. त्याला तोड आहे का? आणि ती तोड घेताना बाकीची टीम बिघडते का?
२. चांगला खेळणारा जिंकतोय, की ज्याच्याकडे तो पोकेमॉन आहे तोच?
३. अडचण कॅरेक्टरची आहे, की एखाद्या मूव्हची किंवा जोडीची?

आणि एक नियम पक्का ठेवा: कालच हरलेल्याने एकट्याने बंदी ठरवायची नाही. आधी दोन्ही बाजूंनी तो पोकेमॉन वापरून आठवडाभर खेळा, मग हात वर करून मत घ्या.