दोघांना पेलणारी शिडाची बोट

मोठी शिडाची बोट म्हटली की दोर ओढणारे पुष्कळ खलाशी आपल्या डोळ्यांसमोर येतात. फ्रान्समध्ये ला रोशेल इथल्या आमेल कारखान्याने मात्र नवरा-बायको दोघांनाच समुद्र ओलांडता यावा अशा बोटी बांधल्या. त्यांची 'सुपर मारामू' १९८९ साली आली. लांबी सुमारे १६ मीटर. आत घरासारख्या सोयी. बोट महागडी, पण तिची रचना आपण समजून घेण्यासारखी आहे.

तिला डोलकाठ्या दोन. त्यामुळे सगळा भार एकाच अवजड शिडावर येत नाही. सुकाणूजवळ बसून बटण दाबलं, की मोटर मुख्य शीड उलगडते, गुंडाळते. मोटर बिघडली, तर दांड्याने हातानेही फिरवता येतं. नवरा आजारी पडला, तरी बायको बोट बंदराला नेऊ शकते.

गटासाठी यंत्र घेताना आपणही विचारू या : हे आपल्यातल्या एकटीला चालवता येईल का?