चॉकलेटचं भांडं आणि पितळी समई

"बाबा, पण ह्या दोघी एकमेकींना टेक्स्ट का करत नाहीत?"

मिशिगनमधली फेब्रुवारीची संध्याकाळ. दिवसभरात तिसऱ्यांदा ड्राइव्हवेवरचा स्नो काढून, कंबर धरून मी नुकताच आत आलो होतो. आमची कन्या (सातवीत आहे) लायब्ररीतून आणलेलं पुस्तक पोटावर ठेवून सोफ्यावर आडवी. "अगं, गोष्ट १८१७ सालातली आहे," असं पुस्तकाचं पाठचं पान वाचून सांगितलं, तर म्हणते, "पण त्यांना मॅजिक येतं ना? मग?" प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. उत्तर शोधायला म्हणून पाच मिनिटं पुस्तक हातात घेतलं ते रात्री दीड वाजता खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी आठच्या मीटिंगमध्ये माझं काय झालं ते विचारू नका.

पुस्तकाचं नाव 'सॉर्सरी अँड सेसिलिया'. लेखिका दोन, पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलीन स्टीव्हरमर, दोघीही आपल्या शेजारच्या मिनेसोटातल्या. पहिल्यांदा १९८८ साली निघालं आणि २००३ मध्ये पुन्हा छापलं गेलं. नेपोलियनचं युद्ध नुकतंच संपलेलं इंग्लंड, पण थोडं वेगळं. तिथे जादू ही एक रीतसर विद्या आहे आणि जादूगारांचं लंडनमध्ये सरकारमान्य रॉयल कॉलेज आहे! केट नावाची मुलगी मावशीबरोबर (की आत्याबरोबर? ह्याबद्दल पुढे) लंडनला लग्नाच्या बाजारात दाखल होते. तिची बहीण सेसिलिया खेड्यात राहते, चरफडत. दोघी एकमेकींना पत्रं लिहितात आणि सबंध कादंबरी म्हणजे तीच पत्रं. मध्ये कोणी निवेदक नाही की "इकडे काय झाले" म्हणून सांगणारा सूत्रधार नाही.

केट रॉयल कॉलेजमधल्या एका समारंभात भलत्याच दारातून शिरते ती एका बागेत. तिथे एक अनोळखी बाई तिला निळ्या भांड्यातून चॉकलेट ओतून देते. प्यायचं चॉकलेट, त्या काळी श्रीमंतांकडे चहासारखं प्यायचे तसं. त्यातला थेंब केटच्या कपड्यांवर सांडतो आणि कापडाला भोक पडतं! ती बाई कोण, ती केटला दुसरंच कोणीतरी का समजली, ह्याची केटला कल्पना नाही. तिकडे खेड्यात सेसिलियाला झुडपाआडून टेहळणी करणारा एक गृहस्थ दिसतो. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, पण तो जुळायला पत्र पोचायला हवं. पत्र वाटेत असताना प्रत्येकीजवळ अर्धंच कोडं. सगळी मजा त्या अर्धेपणात आहे. पुढचं सांगत नाही, उगाच शिव्या खायच्या नाहीत.

आता मराठी माणसाची अडचण. ह्या दोघी 'कझिन्स' म्हणजे नेमक्या कोण? चुलत, आते, मामे की मावस? कन्येला विचारलं तर म्हणाली, "कझिन म्हणजे कझिन." आडनावं निरनिराळी आहेत, तेव्हा दोन सख्ख्या भावांच्या मुली नसाव्यात, एवढं इंजिनियरी अनुमान मी काढलं. 'आंट'चंही तेच. आपल्याकडे आत्या म्हटलं की एक चेहरा येतो, मावशी म्हटलं की दुसरा. इंग्रजांनी दोघींना एकाच पिशवीत घातलं. मी मनाशी ठरवून टाकलं की ह्या मावसबहिणीच. कारण असल्या उचापती मावसबहिणींशीच करता येतात. निदान मी तरी केल्या होत्या.

पुस्तकाच्या शेवटी लेखिकांनी सांगितलेली हकिगत कादंबरीइतकीच गमतीची आहे. हे पुस्तक म्हणून लिहिलंच नव्हतं, तो एक खेळ होता. त्याचं नाव 'लेटर गेम'. दोघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या नावानं खरोखरची पत्रं लिहायची. पहिल्या पत्रात आपण दोघं लांब का आहोत आणि पत्र का लिहितो आहोत, ते आलं पाहिजे. आणि मुख्य नियम असा की कथानक पुढे कसं जाणार हे एकमेकांना सांगायचं नाही. ह्या बायका एकमेकींना प्रत्यक्ष भेटत होत्या, पण गोष्टीबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. सेसिलियाची पत्रं रीडीबाईंची, केटची स्टीव्हरमरबाईंची. खेळ संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातात एक कादंबरी आहे.

हे वाचलं आणि मी बेसमेंटमध्ये गेलो. मार्कशीटं, जुना आय-ट्वेंटी, लग्नाची पत्रिका असल्या ऐवजाची एक फाइल प्रत्येकाकडे असते. माझ्या त्या फाइलमध्ये अकरा आंतरदेशीय पत्रं आहेत.

आम्ही मिरजेचे. माझी मावशी अमरावतीला, आणि तिची मुलगी, जिला मी नुसतं ताई म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आजोळ वाईला. १९९४ च्या मे महिन्यात आजोबांच्या कपाटात आम्हाला जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सापडली. बऱ्याच वाचकांना ती ठाऊक असेल. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि एक प्राध्यापक त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पोचतो. पुरावा म्हणून तिथल्या बखरीचं एक पान खिशात घेऊन येतो. आम्ही दोघांनी ती एका दुपारी आळीपाळीनं मोठ्यानं वाचली आणि संध्याकाळी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि ती थोरली घंटा. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात. चिमाजी अप्पा म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. घंटेखाली उभं राहून ताई म्हणाली, "आपण पण एक लिहू या. पत्रांतून. पण तू मला पुढचं सांगायचं नाहीस, मी तुला सांगणार नाही."

म्हणजे 'लेटर गेम' आम्ही खेळत होतो. नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

विषय निवडला ताईनं, आणि आजही वाटतं की फार हुशारीनं निवडला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. धड मिळालं, शिर वेगळं झालेलं. त्यामुळे भाऊ गेलेच नाहीत असं मानणारे पुष्कळ निघाले. पत्नी पार्वतीबाईंनी तर स्वतःला विधवा मानलंच नाही. पुढे एक मनुष्य "मीच भाऊ" म्हणत उगवला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. १७७६ साली किल्ल्यावरच्याच अधिकाऱ्यानं त्याला सोडलं आणि बघता बघता कोकणातली हजारो माणसं त्याच्यामागे उभी राहिली. शेवटी महादजी शिंद्यांनी आणि भिवराव पानशांनी बंड मोडलं, तोतया पकडला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. चौकशीत तो बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण ठरला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक ह्यावरच आहे.

आमच्या गोष्टीत ताई झाली पुण्यातल्या कारकुनाची मुलगी यमू. मी रत्नागिरीच्या किल्ल्यावरचा तिचा मावसभाऊ गोविंदा, कैद्याला रोज बघणारा. जादू पाहिजे म्हणून ताईनं यमूच्या घरात एक पितळी समई आणली. खोटा माणूस समोर बसला की तिची वात धरत नाही. प्रश्न एवढाच, की रत्नागिरीतला कैदी त्या समईपुढे बसवला तर काय होईल? तीन वर्षं आम्ही हे चालवलं. मी एकदा किल्ल्याच्या पहारेकऱ्याला चहा पाजला, तर ताईचं उलट टपाली पंधरा पैशांचं कार्ड आलं: "१७७६ मध्ये चहा कुठला, बावळटा?" यमूच्या भाषेत नव्हे, स्वतःच्या.

ह्या सगळ्याच्या मागे आणखी एक पत्र आहे, आणि ते काल्पनिक नाही. नानासाहेब पेशवे आणि भाऊ हे सख्खे चुलतभाऊ, बाजीराव आणि चिमाजी अप्पांचे मुलगे. मोहीम सुरू झाली तेव्हा दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौज आणि दक्षिण ह्यांच्या मध्ये येऊन बसला. जासूद पोचेनात. तिकडे माणसं उपाशी मरत होती आणि इकडे नानासाहेब त्याच डिसेंबरात पैठणला दुसरं लग्न लावत होते. ह्यावरून त्यांना पुष्कळांनी धारेवर धरलं आहे. मला तेवढं सोपं वाटत नाही. आलेल्या शेवटच्या पत्रावरच माणूस चालतो. पुढे ते उत्तरेला निघाले आणि जानेवारीअखेर वाटेत एका सावकाराचा जासूद त्यांच्या लोकांना सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत लढाईचा एक शब्द नव्हता, सगळी व्यापाराची भाषा होती. दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या, आणि चिल्लर किती गेली ती मोजताच येत नाही. नानासाहेबांना कोणी फोड करून सांगावी लागली नाही. दोन मोती म्हणजे आपला मुलगा विश्वासराव आणि आपला भाऊ. त्यानंतर ते पाच महिनेच जगले. २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले.

ही चिठ्ठी आम्हा दोघांना पाठ होती. म्हणून तर पुढचं सांगायला मला जड जातं आहे.

अकरावं पत्र १९९७ च्या ऑगस्टमधलं. मी बारावीत होतो. यमू लिहिते: वडिलांची चाकरी सुटली आहे. घरातलं घंगाळ गेलं, तपेली गेली, परात काल कासाराकडे गेली. समई आईनं अजून ठेवली आहे. कैद्याला पुण्यास आणतील तेव्हा ती त्याच्यापुढे लावायची आहे, पण तोवर ती आपल्याकडे राहील की नाही सांगवत नाही. आता दिवा लागला की नाही ते तू ठरव. लवकर लिही.

मी वाचलं आणि मला काय वाटलं? ताईचा इतिहास कच्चा झाला, असं! नाना फडणवीसांच्या कारभारात, ऐन बंडाच्या धामधुमीत कारकुनाची चाकरी कशी सुटेल? हे तिला कळवायचं मनात होतं. पण फिजिक्सचे क्लास होते, मग परीक्षा, मग इंजिनियरिंग. २००२ साली एमएस करायला इकडे आलो. ताईचं लग्न झालं, भेटी झाल्या, दिवाळीला फोन झाले. पत्राचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

परवा, पुस्तक संपल्यावरच्या शनिवारी, तिला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावला. पत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. ती चष्मा लावून वाचत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "अरे, तेव्हा बाबांची नोकरी गेली होती ना."

मला माहीतच नव्हतं. काका एका जिनिंग फॅक्टरीत होते. ती त्या उन्हाळ्यात बंद पडली आणि चार महिन्यांचा पगारही बुडाला. ताई बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तिनं ते सोडलं आणि शिकवण्या धरल्या. मावशीनं बजावलं होतं की माहेरी कोणाला कळता कामा नये. वाईला नाही, मिरजेला तर नाहीच.

"मग मला सरळ का नाही लिहिलंस?"

"सरळ? आंतरदेशीय पत्र तुमच्याकडे कोण फोडायचं आठव." आठवलं. आजी आमच्याकडेच असायची आणि आलेलं प्रत्येक पत्र ओट्याजवळ उभं राहून मोठ्यानं वाचलं जायचं. आमची गोष्ट म्हणजे पोरखेळ, म्हणून तेवढा मजकूर सगळे गाळायचे. ताईला तेवढीच एक जागा होती.

"मला वाटलं तू ओळखशील," ती म्हणाली. "मोती, मोहरा वगैरे तूच मला समजावून सांगायचास." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या क्रिकेट मॅचबद्दल बोलावं तसं बोलत होती. त्या वेळी मी काय करू शकलो असतो? पैशाचं काही नाही, सतरा वर्षांचा होतो. पण आईला सांगितलं असतं, आणि आईनं पहिली गाडी पकडून अमरावती गाठली असती, हे मला पक्कं माहीत आहे. आई आता नाही, आणि मावशीही नाही.

थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि समई? ती खरी होती?"

"होती."

"राहिली का विकली?"

ताई हसली. "आधी तू पत्राचं उत्तर दे. तुझी पाळी आहे."

रविवारी बसलो. पेन धरून मराठी लिहायची सवय सुटलेली. 'ज्ञ' काढताना हात अडला. कन्या शेजारी बसून "बाबा, लेफ्टकडून सुरू करा" म्हणून मदत करत होती. गोविंदाच्या नावानं तीन पानं झाली. पोस्टात बाईंनी पाकीट वजन करून घेतलं आणि आत काही मौल्यवान आहे का विचारलं. "फक्त कागद" म्हटलं.

त्याला अठरा दिवस झाले. कन्या रोज शाळेतून आल्यावर मेलबॉक्स उघडून बघते, आणि मला दर दोन दिवसांनी विचारते की शेवटी समई पेटली का. मी तिला सांगितलेलं नाही. नियम आहे.