ग्रंथालयाचा संगणक आणि सुरक्षा प्रमाणपत्र

शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अशा ठिकाणचे ग्रंथालय आपली ग्रंथसूची इंटरनेटवर आणते, तेव्हा दूरच्या वस्तीवरील विद्यार्थ्याला हवा तो ग्रंथ शिल्लक आहे की नाही, हे घरबसल्या कळते. त्याची खेप वाचते, एसटीचे भाडे वाचते. परंतु सूचीबरोबरच वाचकाचे नाव, पत्ता आणि त्याने नेलेल्या ग्रंथांची नोंदही त्याच संगणकात साठते. ही नोंद जपावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथालयांसाठी 'कोहा' ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ती १९९९ मध्ये तयार होऊ लागली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच 'भेट' असा आहे. तिची दोन दालने असतात. एक वाचकांचे, दुसरे ग्रंथपालांचे. ही दालने वाचकापर्यंत पोचविण्याचे काम 'अपाचे' हा वेब सर्व्हर करतो.

वेब सर्व्हर साध्या एचटीटीपी पद्धतीने चालत असेल, तर मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. एखाद्या विद्यार्थ्याने 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ शोधला, तर तो शोध आणि त्याचा संकेतशब्द, दोन्ही वाटेतल्या माणसाला वाचता येतात. कोण काय वाचतो, ही ज्याची त्याची खाजगी बाब होय. एचटीटीपीएस पद्धतीत हेच पोस्टकार्ड बंद पाकिटात जाते.

मात्र पाकीट योग्य पत्त्यावरच पोचले, याची खात्री काय? ती खात्री सुरक्षा प्रमाणपत्र देते. अमुक संकेतनाम अमुक किल्लीचे आहे, असे विश्वासपात्र संस्था त्यात प्रमाणित करते. त्या किल्लीची खाजगी जोडी सर्व्हरवरच राहते. ती कोणालाही देऊ नये.

'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. 'सर्टबॉट' ही आज्ञावली ते मागवून अपाचेत बसविते. ते देण्यापूर्वी संस्था सर्व्हरवर एक ठराविक फाईल ठेवावयास सांगते आणि ८० क्रमांकाच्या पोर्टवरून ती वाचून पाहते. ग्रंथालयाचा संगणक बाहेरून गाठता येत नसेल, तर संकेतनामाच्या डीएनएस नोंदीत खूण ठेवूनही ही पडताळणी होते.

व्यवहारात चुका होतात त्या पुढील ठिकाणी:

(१) प्रमाणपत्राची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते. नूतनीकरण आपोआप होते की नाही, हे सुरुवातीलाच तपासावे. मुदत संपत आल्याची सूचना देणारी ई-पत्रे या संस्थेने जून २०२५ मध्ये बंद केली.

(२) सुरक्षेच्या नावाखाली ८० क्रमांकाचे पोर्ट बंद केले जाते आणि फाईलद्वारे होणारे नूतनीकरण अडते. ते उघडे ठेवून येणाऱ्याला ४४३ क्रमांकाकडे वळवावे.

(३) वाचकांचे दालन सुरक्षित होते, ग्रंथपालांचे राहून जाते. वास्तविक सर्व वाचकांच्या नोंदी तेथेच हाताळल्या जातात.

(४) कोहाच्या सेटिंगमध्ये दोन्ही दालनांचे पत्ते जुन्याच एचटीटीपी स्वरूपात राहतात. ते बदलावेत.

प्रमाणपत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ते वाट राखते, घर नव्हे. वाचकाने कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली, हे बाहेरच्याला बहुधा कळतेच. काय वाचले, एवढेच झाकले जाते. दुबळा संकेतशब्द किंवा वर्षानुवर्षे न सुधारलेली आज्ञावली असेल, तर बंद पाकीट काय कामाचे? मुदत संपल्यावर ब्राउझर धोक्याचा इशारा देतो, तेव्हा 'पुढे जा' म्हणून दाबण्याची सवय वाचकाला लावणे हे तर त्याहून घातक.

तात्पर्य, नूतनीकरणाची तारीख ग्रंथालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी आणि ती पाहण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. वाचक आपले नाव ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो, तेव्हा ते जपण्याचे उत्तरदायित्व ग्रंथालयाकडे येते.