हॉलंडातील घराची दरसालची देणी

हेग शहराला लागून असलेली लायडस्खेनडाम-फोरबर्ग ही नगरपालिका २००२ साली दोन जुन्या गावांच्या एकीकरणातून निर्माण झाली. फोरबर्गमध्ये स्पिनोझाने १६६३ ते १६७० हा काळ घालवला, आणि कोन्स्टांटाइन हायगेन्सने बांधलेले हॉफवाइक हे उद्यानगृह तेथे कालव्याकाठी आजही उभे आहे. हेगमधील आंतरराष्ट्रीय संस्थांत किंवा जवळच्या राइसवाइक येथील युरोपीय पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला अशा निवांत परिसरात घर घ्यावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. परकीयाने घर घेण्यास तेथे कायद्याची आडकाठी नाही. नोटरीसमोर खरेदीखत होऊन कादास्टर या जमीन-नोंदणी खात्यात नाव चढले आणि स्वतः राहण्याच्या घराचा २ टक्के हस्तांतरण-कर भरला, की मालकी सिद्ध होते. परंतु या एकवारच्या खर्चापेक्षा दरसाल येणारी देणी अधिक विचार करण्याजोगी आहेत, आणि नेमका त्यांचाच हिशेब खरेदीच्या उत्साहात राहून जातो.

त्यांपैकी पाण्याची पट्टी आपल्याला सर्वस्वी अपरिचित. ही पट्टी नळाच्या पाण्याची नसून जमीन कोरडी राखण्याची आहे. पाणी उपसणे, बांध सांभाळणे आणि सांडपाणी शुद्ध करणे ही कामे त्या देशात नगरपालिकेकडे नसून स्वतंत्र जलमंडळांकडे आहेत. लायडस्खेनडाम येथील बांध म्हणजे राइनलांड आणि डेल्फलांड या दोन जलमंडळांच्या पाण्यामधली जुनी सीमा. त्यांतील डेल्फलांडचा इतिहास १२८९ पर्यंत मागे जातो. रहिवासी म्हणून एक आणि घरमालक म्हणून दुसरी, अशा दुहेरी नात्याने ही पट्टी द्यावी लागते. ती भरताना कोणी कुरकुर केली तर मला वाईट वाटते, कारण सात शतके अखंड चाललेल्या ज्या सामुदायिक श्रमाने ही भूमी वसण्याजोगी ठेवली, त्यातला आपला वाटा आपण त्या पावतीने उचलत असतो.

नगरपालिकेचा घरपट्टीसारखा कर घराच्या सरकारी मूल्यांकनावर बसतो. हे मूल्यांकन दरवर्षी नव्याने होते, त्यासाठी आदल्या वर्षाच्या १ जानेवारीचा बाजारभाव धरतात, आणि ते अवाजवी वाटल्यास नोटिशीच्या तारखेपासून सहा आठवड्यांत हरकत घेता येते. जो १ जानेवारीस मालक, त्याच्यावर संपूर्ण वर्षाचा कर. मध्येच घर विकले तर नोटरी उभयतांत त्याची वाटणी करून देतो. शिवाय सांडपाणी वाहून नेण्याचा व कचऱ्याचा आकार वेगळा. सदनिका असेल तर मालकसंघाचे सभासदत्व ऐच्छिक नसते, आणि २०१८ पासून प्रत्येक संघाने दुरुस्तीच्या आराखड्यानुसार, अथवा इमारतीच्या पुनर्बांधणी-मूल्याच्या किमान अर्धा टक्का, रक्कम दरसाल बाजूला ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. म्हणून घेण्यापूर्वी दिवाणखान्याच्या प्रकाशाइतकेच लक्ष संघाच्या जमाखर्चाकडे द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरी गुंतागुंत कुटुंब मायदेशी परतल्यावर सुरू होते. घर भाड्याने द्यायचे तर तारण घेणाऱ्या बँकेची संमती लागते. १ जुलै २०२४ पासून भाडेकरार सामान्यतः बेमुदत झाले आहेत आणि मध्यम भाड्याच्या घरांनाही गुणांवर ठरलेली कमाल मर्यादा लागू झाली आहे. राहते घर नसलेल्या या मिळकतीवर डच सरकार गृहीत धरलेल्या परताव्यानुसार कर आकारते; प्रत्यक्ष परतावा कमी असेल तर तो दाखवण्याची मुभा मालकास आहे.

इकडे भारतात, परदेशी राहत असताना घेतलेले घर परतल्यावरही ठेवण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायद्याची हरकत नाही. मात्र प्राप्तिकराच्या दृष्टीने माणूस पूर्ण निवासी ठरला, की ते घर विवरणपत्राच्या परदेशी मत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवावे लागते, मग त्यातून एक रुपयाही उत्पन्न न मिळो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात या कसुरीसाठी दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे, आणि लहान परदेशी मत्तांना १ ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेल्या सवलतीतून स्थावर मिळकत मुद्दाम वगळली आहे. भाडे मिळाल्यास ते भारतीय उत्पन्नातही धरले जाते. तिकडे भरलेल्या कराची वजावट दोन्ही देशांतील १९८८ च्या दुहेरी करमुक्ती करारान्वये मागता येते, पण ती मागण्यासाठी डच कर भरल्याचा पुरावा हाताशी असावा लागतो. तेव्हा खरेदीखत, वार्षिक मूल्यांकनाच्या नोटिसा आणि करपावत्या परतताना सामानाबरोबर आणाव्यात.